स्ट्रिप निघाली तेव्हा पेशंट काय करत होता

नर्सिंग मॅनेजरने ईसीजीची स्ट्रिप, ठोक्यांच्या रेघेची कागदी पट्टी, माझ्यासमोर ठेवली आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "हा पेशंट कार्डिअ‍ॅक आयसीयूतून आलाय." त्या एका वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मी डब्लिनमध्ये सर्जरीच्या वॉर्डात नर्स होते आणि मला हृदयाच्या वॉर्डात बदली हवी होती. त्यासाठी स्ट्रिप वाचून दाखवावी लागते. नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा इथे माझी डिग्री कोणी विचारली नाही. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत मी परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं. स्ट्रिप शिकवण्याच्या क्लासला मात्र दर वेळी मॅनेजरच्या मर्जीतल्या मुली जायच्या. मला 'नेक्स्ट टाइम'. मग मी पुस्तकं आणून घरी शिकले. पण सर्जरीत स्ट्रिप क्वचितच हातात येते, आणि रोज न पाहिलेल्या गोष्टीवर नजर बसत नाही.

त्या स्ट्रिपवर करवतीसारखे दाते होते. आयसीयूतला माणूस म्हणजे आजार असणारच, असं धरून मी सांगितलं, एट्रियल फ्लटर. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे भलत्याच वेगाने धडधडणं. उत्तर चुकलं. ठोके नॉर्मल होते. पेशंटचे हात कापत होते, ती थरथर कागदावर उमटली होती.

"मग आयसीयूचं मला कशाला सांगितलंत?"

"तो तिथूनच आला होता. मी सगळ्यांनाच सांगते."

माझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या दोघींना मी विचारलं. एक म्हणाली, आयसीयूचं सांगितलं होतं. दुसरी म्हणाली, आठवत नाही. भांडायला मला ते 'आठवत नाही' पुरलं. मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवला. ती बधेना, तेव्हा वीकेंडच्या ड्यूट्या करायला तयार झाले, आणि सौदा जमला. पुन्हा परीक्षा मिळाली. "पण ही शेवटची," तिने बजावलं. "यात नापास झालात तर सर्जरीतच राहायचं."

आमच्या मागच्या रस्त्यावर एक काका राहतात, निवृत्त हार्ट स्पेशालिस्ट. त्यांच्या किचन टेबलावर मी ती स्ट्रिप आठवून कागदावर काढली. आयसीयूचं मुद्दामच बोलले नाही.

काकांनी चष्मा वर केला. "याचे हात कापतात का?"

"ते रेघेवरून कसं कळणार, काका?"

"नाहीच कळणार. विचारायचं."

"कोणाला? परीक्षेत पेशंट नसतो."

"देणाऱ्याला विचार. स्ट्रिप निघाली तेव्हा पेशंट काय करत होता, झोपला होता का, दुखत होतं का."

काकू चहा गाळत होत्या. "इंडियन स्टोअरमध्ये आंब्याच्या पेटीसाठी त्या माणसाला किती छळतेस गं तू. कधी आली, कुठून आली, खालचा थर दाखवा. आणि तिथे गप्प बसलीस?"

मला हसू आलं नाही. पण मुद्दा डोक्यात बसला.

दुसऱ्या परीक्षेत मॅनेजर म्हणाली, "या बाई कालपासून छातीत दुखतंय म्हणतात." पुन्हा तेच. मी स्ट्रिप उचललीच नाही.

"स्ट्रिप निघाली तेव्हा पेशंट काय करत होती?"

"ते परीक्षेत नाही."

"वॉर्डात असेल ना? तिथे मी आधी खाटेपाशी जाईन. ते कळल्याशिवाय मी वाचणार नाही."

तिने घड्याळाकडे पाहिलं. बदली गेली, असं मी धरून चालले. मग ती कंटाळून म्हणाली, "तिला कुशीवर वळवत होते."

मी स्ट्रिप घेतली. मधला वेडावाकडा भाग हलण्याचा होता. त्याच्या आधीचे आणि नंतरचे ठोके मी कागदाच्या कडेवर खुणा करून मापले. एकसारखे. "ठोके नॉर्मल आहेत. मधलं हलणं आहे. पण छातीत दुखतंय, तर बाईला स्थिर झोपवून पूर्ण ईसीजी पुन्हा काढा, आणि डॉक्टरांना बोलवा."

"पास," ती म्हणाली.

"पहिल्या वेळी हात कापतात हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी हृदयाच्या वॉर्डात गेले. पहिल्या वेळी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, यावर माझा अजिबात विश्वास नाही.