विंगेतून येणारा आवाज

मंगळवारी दुपारी माझी बायको सुनंदा गेली. मी दुकानात होतो. टेबलावर तुळशीरामभाऊंच्या स्पीकरचा डावा डबा होता. शेजाऱ्यांचा फोन आला. मी सोल्डरिंग आयर्न बंद केलं आणि घरी गेलो.

चौदाव्या दिवशी शटर उघडलं, तेव्हा डबा तसाच उघडा पडलेला होता. बसवत नव्हतं म्हणून उभ्यानेच कामाला लागलो.

गडचिरोलीत माझं ऑडिओ रिपेअरिंगचं दुकान आहे. तुळशीरामभाऊ आरमोरीचे. त्यांनी तीस वर्षं आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवली. बोटं आखडली तशी पेटी सुटली, ऐकणं तेवढं उरलं. त्यांच्या मुलीने नागपूरच्या एका साहेबांचे स्पीकर हेरून ठेवले होते. विलायती, हाय-एंड, पण जुने. घेण्याआधी ते तपासायला मी आणि सुनंदा गेलो होतो.

वापरलेला स्पीकर घेताना लोक लाकूड बघतात. बघायचा असतो फोम. पुढेमागे हलून आवाज काढणारा जो कागदी पडदा असतो, त्याला कोन म्हणतात. कोनच्या कडेला फोमची रिंग असते. आपल्याकडच्या हवेत ती कुजते. मी बोट लावलं तर भुगाच हातात आला. वायर जोडायचे मागचे टर्मिनलही गंजलेले होते. पण कोन हलवणारी कॉइल शाबूत होती. सुनंदाने खुर्ची बरोबर मध्ये ओढली, डोळे मिटून एक गाणं ऐकलं आणि म्हणाली, "फाटलाय, पण आवाज खरा आहे. घ्या."

वयाने माझ्या कानांतले बारीक आवाज गेले आहेत. म्हणून मोजायचं मी आणि ऐकायचं तिने, अशी आमची वाटणी होती. उजवा डबा आम्ही दोघांनी नवा फोम लावून पुरा केला. डावा मी एकट्याने केला.

आरमोरीला दोन्ही डबे लावले आणि आवाज पडला. खालचा स्वर गायब. तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा. मी मीटर काढला. हा आवाजाची पातळी मोजतो. एकेक डबा वेगळा वाजवून मोजला तर दोन्ही अगदी सारखे. म्हणजे दोष खोलीचा, असं मी ठरवलं. डबे भिंतीपासून एक फूट पुढे घेतले. मग दोन फूट. मग आत वळवले. कोपऱ्यात आवाज घुमत असेल म्हणून धानाची चार पोती आणून ठेवायला लावली. डब्यांच्या पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे दिले. काही फरक पडला नाही. आठवड्यात दोन खेपा झाल्या.

तिसऱ्या खेपेला एसटीत बसल्यावर मनाशी पक्कं केलं. आजही जमलं नाही तर दुकान बंद. ज्याला ऐकू येत नाही त्याने लोकांचे स्पीकर उघडू नयेत.

त्या दिवशीही मी डबे इकडून तिकडे करत होतो. भाऊंच्या पत्नी कमलाबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, या भाऊंनी फरशी अशी घासून काढली की मले महिनाभर पोछा माराचं काम नाई. मी उभ्यानेच चहा घेतला.

तुळशीरामभाऊंनी त्यांच्या नाटक कंपनीतल्या एका गायिकेची जुनी कॅसेट लावली होती. अर्धं गाणं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. बाई विंगेतून गाऊन राह्यली."

विंग म्हणजे रंगमंचाच्या बाजूचा आडोसा. नट तिथे थांबतात, प्रॉम्प्टर तिथून वाक्यं पुरवतो. मी म्हणालो, मीटर तर बरोबर दाखवतोय.

"मीटर नाटक पाहाले येते का? मी तीस वर्सं स्टेजच्या खाली पेटीवर बसलो. बाई मंधात उभी राहे. आता मंधात कोनीच नाई. तुमी उभेच्या उभे काऊन असता? एकखेप इथी बसून पाहा."

ते मधल्या खुर्चीतून उठले. दोन स्पीकरच्या समोर, मधोमध बसणं हे आमच्याकडे सुनंदाचं काम होतं. ती गेल्यापासून मी त्या जागी बसलो नव्हतो. दुकानात नाही, इथेही नाही. कधी भिंतीशी, कधी ॲम्प्लिफायरशी उभा राहून ऐकत होतो.

बसलो. गाणं डावीकडून येत होतं, उजवीकडूनही येत होतं. मध्ये पोकळी होती. अर्ध्या मिनिटात कळलं.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. उजव्या डब्याच्या टर्मिनलला लावला. कोन पुढे आला. डाव्याला लावला. कोन मागे गेला. एक डबा हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. दोघे मिळून एकमेकांचा आवाज खात होते. एकेकटे मोजले की निर्दोष. मी आतून डाव्या डब्याच्या वायरी उलट जोडल्या होत्या.

दोन्ही डबे उघडले. आतल्या वायरी सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या. उजव्यात एका वायरीवर लाल ठिपका होता. डाव्यात नव्हता.

कमलाबाईंनी विचारलं, ते लाल काय आहे?

सांगावं लागलं. कामाला आलेल्या प्रत्येक सेटला सुनंदा हळदकुंकू वाहायची. वायरी एकसारख्या असल्या की तेच कुंकवाचं बोट प्लसच्या वायरीला लावायची. मी हसायचो, आणि जोडताना तोच ठिपका शोधायचो. डाव्याला बोट लावायचं राहिलं होतं. मी आठवणीने जोडलं.

मी वायरी फिरवून सोल्डर केल्या. कमलाबाई आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. माझ्यासमोर धरला.

"लावा."

"मी?"

"मंग कोन लावन?"

मी बोट लावलं. डबे बंद केले, गाणं पुन्हा लावलं. तबल्याला पोट आलं. गायिका दोन डब्यांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं तिथे, उभी राहिली. तुळशीरामभाऊंची आखडलेली बोटं मांडीवर हलायला लागली. ते एवढंच म्हणाले, "आली स्टेजवर."

धानाची पोती मी आणि त्यांनी मिळून परत मागच्या खोलीत नेली. पोत्यांची गरजच नव्हती. स्पीकर जुळवताना आधी मध्ये बसावं, मीटर नंतर काढावा. हे मला तीस वर्षांपूर्वी, काम शिकतानाच, शिकवलेलं होतं.

दुकान चालू आहे. सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी कुंकवाची डबी असते. मधल्या खुर्चीत मी बसतो. बारीक आवाज ऐकू येत नाहीत.