सक्शनला डिलिवरीचा पाइप

खालापूर तालुक्यात घरी विमान बांधणारा मी पहिला माणूस, आणि गावाचं ऐकाल तर शेवटचाही. दोन सीटचं विमान, भात ठेवायच्या शेडमध्ये उभं राहिलेलं. पंख मी इतके घासले होते की त्यावर बसलेली माशी घसरून खाली पडायची.

इंजिन एका ठोकलेल्या जपानी स्पोर्ट्स कारचं. त्यात पिस्टन नसतात. एक फुगीर त्रिकोण डब्यात गरगर फिरतो, बस. हे चौक गावच्या गॅरेजवाल्याला दाखवलं तर त्याने आत डोकावून हात पुसले. "पिस्टन नाय त्याला आमी हात लावत नाय. उद्या बैल नसलेली गाडी आनशील." हे तो बैल नसलेल्या गाड्यांच्या रांगेत उभा राहून म्हणाला.

दुखणं असं होतं. अर्ध्या थ्रॉटलला इंजिन गायचं. पूर्ण दिला की टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून त्याच्याच घशात हवा कोंबणारा पंखा, जोर धरायचा. दहा मोजेपर्यंत ठीक. मग काळा धूर, फटफट, जोर गायब. थ्रॉटल मागे घेतला की पुन्हा शहाण्यासारखं. मी प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, जोडाजोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. इतका साबण लावला की इंजिन हे आमच्या घरातलं सर्वांत स्वच्छ माणूस झालं. मुंबईहून एक जाणकार आले. "हे काढा, विमानाचं नेहमीचं इंजिन बसवा," म्हणाले. मी त्यांना पोटभर जेवू घातलं, कर्जत स्टेशनवर सोडलं आणि इंजिन होतं तिथेच ठेवलं.

तोवर कापणी झाली. शेड थोरल्या भावाची. दादा म्हणाला, "रविवारी झोडनी हाय. भात शेडमधी येनार. तुजं पाखरू पाच मिनिटं पुऱ्या जोरात चाललं तर राहील, नायतर भंगारात."

"पाच कशाला, सहा चालवतो."

मला एक मिनिटही चालवता येत नव्हतं. पण दादासमोर आकडा कमी सांगायची आमच्यात पद्धत नाही.

रविवारी विमान खळ्याशी आणलं. खळं शेपटीच्या मागे. शेपटी चिंचेला दोरखंडाने बांधली. इंजिनावरचं झाकण त्या दिवशी काढूनच ठेवलं, तापू नये म्हणून. गाव जमलं. पूर्ण थ्रॉटल दिला, दहा मोजले, आणि काळा धूर.

"वीटभट्टी लावलीस काय रं?" कुणीतरी विचारलं. दादाने भंगारवाल्या टेंपोसाठी फोन काढला. मी जागचा उठलो नाही. थ्रॉटल मागे घेऊन बसून राहिलो.

वहिनी प्रोपेलरच्या मागे, पंखाच्या टोकाशी उभी होती. भाजीच्या मळ्यावरचा पंप तीच चालवते. ती जवळ आली आणि कानात ओरडली, "भावजी, सक्शनला डिलिवरीचा पाइप कोनी लावला?"

"कुठं?"

"तो काळा. तुमी जोर लावला का पिळलेल्या आचळावानी चपटा होतो. सोडला का परत गोल."

मी इंजिन बंद केलं. विहिरीतून पाणी ओढणारा, म्हणजे सक्शनचा पाइप तारेचा, कडक हवा. पाणी फेकणारा, डिलिवरीचा, मऊ चालतो. हे आमच्याकडे पोरगं चालायला शिकतं त्याच्या आधी शिकतं. टर्बो हवा कोंबतो एवढंच डोक्यात धरून मी सगळेच पाइप फेकणारे समजलो होतो. फिल्टर ते टर्बो हा हातभर तुकडा ओढणारा होता. तिथे मी पंपाचा उरलेला मऊ पाइप लावलेला; जोर लागला की तो चपटा, इंजिनाची हवा बंद. आणि दर वेळी मी झाकण उघडायचो तेव्हा इंजिन बंद, पाइप गोल, चेहरा निष्पाप.

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो.

"मळ्यावरचा सक्शन हातभर कापा," वहिनी म्हणाली. "नवा तुमी आनून द्यायचा."

"माजा पाइप?" दादा उठला.

"पंप मी चालवते."

दादा बसला. मी तुकडा कापला, कड्या आवळल्या, आणि थ्रॉटल शेवटपर्यंत रेटला. दहा झाले. शंभर झाले. चिंच मुळांसकट वीतभर सरकली. विश्वास नसेल तर येऊन मोजा, आधी कुठे होती ते मी दाखवतो. पाचव्या मिनिटाला दादाने हात वर केला, बास. मी सहा म्हणालो होतो. सहा चालवलं. मागे खळ्यावर झोडलेलं अख्खं भात उपणून निघालं, आणि त्याचा पोल, म्हणजे पोकळ दाणे, भिवपुरीच्या वीजघरापर्यंत गेला.

इंजिन थांबल्यावर दादाने खळ्यावरून मूठभर भात उचललं, फुंकर मारली. उडायला काहीच उरलं नव्हतं.

"गोनी शेडमधी पंखाखाली लावा," तो गड्यांना म्हणाला. "पंखाला धक्का नको."

उडायच्या परवानगीचे कागद अजून फिरतायत. गाव म्हणतं, हे उडणार नाही. म्हणू दे, मी पंख घासतोच आहे. वहिनीला नवा पाइप आणून दिला. दुसरी सीट तिची. ती म्हणते, आदी झाकन काढून चालू करा, मी बगते, मगच बसते.