पायाची रेघ

मेव्हण्याची गाडी आमच्या दारात आली तेव्हा तिच्यात कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठा टर्बो होता. तो त्याने हौसेने सांगलीला बसवून घेतला होता. घाटातल्या एका वळणावर दम सोडायची खोड मात्र तिला तो गेल्यानंतर लागली.

तो गाडीत गेला नाही, हे आधीच लिहितो, कारण लोक तसंच धरून चालतात. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी होती. एका रात्री घरी जेवून झोपला तो सकाळी उठला नाही. अंगणातली गाडी सासूबाईंना बघवेना, म्हणून ती आम्ही आणली.

माझी बायको त्याची धाकटी बहीण. तिचं माहेर सातारा सोडून घाट चढल्यावर, वरच्या पठारावर. घाटात एका उजव्या वळणावर शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. मेव्हणा तिथे थांबायचा नाही, स्टिअरिंगवरचे हातही काढायचा नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय तेवढा उचलायचा. गाडी क्षणभर मंद व्हायची, मग पुन्हा जोर धरायची. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणायच्या, "देवाला पायानं नमस्कार करतोस व्हय रं?" तो म्हणायचा, हात गुंतलेत, देव समजून घेतो.

मी चालवू लागलो आणि त्याच वळणावर गाडी तेच करू लागली. माझा पाय दाबलेला, आणि इंजिन ढिलं. क्षणभराने पुन्हा ओढ. पहिल्या खेपेला मी गिअर बदलून पुढे गेलो. दुसऱ्या खेपेला बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादानं पाय उचलला."

मी हिशोबी माणूस. विजेच्या मीटरचा आकडा स्वतः वाचून बिलाशी ताडून बघतो. भुताखेतांना माझ्याकडे रकाना नाही. पण ते वळण जवळ आलं की माझी नजर आधी म्हसोबाकडे जायची, हेही खरं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एकदा मागे टेम्पो होता. इंजिन ढिलं पडलं आणि त्याचे ब्रेक किंचाळले. आरसाभर त्याची काच दिसली. शेजारून पुढे जाताना ड्रायव्हर जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतरच्या रविवारी मी गाडी सांगलीला नेली.

टर्बो बसवणारा माणूस मेव्हण्याचा दोस्त. त्याचं बघून तोही मला दाजी म्हणतो. लॅपटॉप जोडून त्याने मला आष्ट्याच्या रस्त्यावर, दोन्हीकडच्या उसातून, गाडी पळवायला लावली. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल त्याच क्षणी मिळालं पाहिजे. साडेअकरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, असं त्याने लावून दिलं होतं आणि ते तंतोतंत मिळत होतं.

"सरळ रस्त्यावर कुणाचं बी इंजिन सज्जनच असतंय, दाजी," तो म्हणाला. "घाटातलं दाखवा मला." त्याने आकडे टिपणारी एक डबी गाडीत जोडून दिली.

आम्ही घाट चढून आलो, मी नोंद पाठवली आणि त्याचा फोन आला. आलेखात त्या वळणावर अॅक्सिलरेटरवरच्या माझ्या पायाची रेघ सरळ होती, टर्बोची हवा पुरेपूर, पण पेट्रोलचा दाब कोसळला होता. साडेअकराचे चौदा झाले होते, म्हणजे हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी. अशा वेळी इंजिन वाचवायला गाडीतला संगणक जोर काढून घेतो. त्याने विचारलं, टाकीत पेट्रोल किती होतं? पाव टाकी, मी म्हणालो. माझं ते ठरलेलं आहे. काटा पावावर आला की माहेरची फेरी, आणि उतरल्यावर पायथ्याच्या पंपावर टाकी फुल. म्हणजे मायलेजचा हिशोब चुकत नाही. पण चढ आणि वळण एकत्र आलं की तेवढं पेट्रोल एका बाजूला सरकायचं आणि टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप कोरडा पडायचा. मेव्हणा टाकी कायम भरलेली ठेवायचा. त्याला हे कधी भेटलंच नव्हतं.

टाकी भरून चालवली तरी हे टळेल, पण मोठ्या टर्बोला तो जुना पंप मुळातच अपुरा आहे, असं दोस्त म्हणाला. कधीतरी पिस्टनला भोक पडेल.

जेवताना मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे नीट झाल्यावर गाडी तिथं मंद होणार नाही."

"नाही."

"मग राहू द्या की. तेवढाच येतोय तो."

मी टेम्पोची आठवण करून दिली. ती ताटं उचलून आत गेली. रविवारी मात्र किल्ली तिनेच आणून दिली आणि गाडीत येऊन बसली.

सांगलीत नवा पंप बसला, पेट्रोल सरकू नये म्हणून आत छोटी उपटाकी बसली. आष्ट्याच्या रस्त्यावर पेट्रोलचे आकडे पुन्हा जुळवले. बायको मागे बसून पडद्यावरच्या रेघा बघत होती. यातली दादाची कुठली, असं तिने विचारलं नाही. मला वाटलं, विचारेल.

नंतरच्या फेरीला मी मुद्दाम पाव टाकीच ठेवली. तपासणी करायची तर स्थिती तीच हवी. म्हसोबाचं वळण आलं. गाडी मंद झाली, क्षणभराने पुन्हा ओढू लागली. बायकोने हात जोडले. मला दोस्ताचा राग आला. घरी पोचल्याबरोबर नोंद पाठवली.

"पेट्रोलची रेघ सरळ हाय, दाजी," तो फोनवर म्हणाला. "पायाची रेघ खाली आलीया. पार शून्यावर. पाय तुमीच उचलला."

मी उचलला नाही, असं मी सांगितलं. त्याने नोंद पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाला, "आकडा तर तसंच म्हणतोय."

ती रेघ मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. चूक सापडत नाही. पाय उचलल्याचं मला आठवतही नाही. बायकोला मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि ती विचारत नाही. टाकी आता भरलेली असते. वळणावर मी पाय दाबूनच धरतो, असं मला वाटतं, आणि गाडी मंद होते. मागे कुणी नाही ना, एवढं मात्र वळणाच्या आधी आरशात बघून घेतो.