दहा नंबरचा पाना

काल नेरूळच्या घरी प्लंबर आला होता. तो पिशवी आवरायला लागला तसं मी सवयीने विचारलं, "सगळे पाने घेतलेस ना रे?" तो हसला. माझ्या नाकात मात्र रॉकेलचा आणि जुन्या ग्रीसचा वास भरला.

बरीच वर्षं झाली. नवी मुंबईतल्याच पावणे गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही हौशी मंडळी संग्रहालयासाठी लष्कराचं जुनं हेलिकॉप्टर पुन्हा उभं करत होतो. ते न्यायला ट्रेलर दारात आला होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न मारत होता आणि सावंतकाका शेपटीचं झाकण काही लावू देईनात. तरुणपणी ते याच हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होते.

"दहा नंबरचा पाना कमी आहे. आत राहिला असेल."

"काका, ह्ये आता उडनार हाय का?" शेडमालक दत्ता पाटील वैतागला. तापलेल्या पत्र्याखाली सगळ्यांचीच डोकी फिरली होती. मला तो म्हातारपणचा हट्ट वाटला. तेव्हा.

शेवटी पाना ताडपत्रीखाली सापडला. "काका, मिळाला!" मी ओरडले.

काकांनी खांद्यापर्यंत आत घातलेला हात काढला नाही. डोळे मिटून ते चाचपत राहिले. मग हात हळूहळू बाहेर आला. मुठीत गंजून लाल झालेला दुसराच पाना होता.

दत्ताने ड्रायव्हरला हातानेच गप्प केलं.

"नोकरीत होतो तेव्हा सापडला नव्हता हा," काका म्हणाले. "बाहेर कुठेतरी पडला असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. हे उडालं की उतरेपर्यंत मी मैदानातच उभा राहायचो."

आमचा पाना कुठे मिळाला, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.