सारसांचे आतोबा

अख्ख्या वऱ्हाडात सारस पक्ष्यांना वकील एकच मिळाला, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. केनवडकडच्या त्यांच्या गावच्या तळ्यावर सारसांची एक जोडी होती. उंच, लाल मानेची, एकमेकांना सोडून चार पावलंही न जाणारी. त्यांच्या घरट्याला धक्का नको म्हणून आतोबांनी तळ्याकाठचं आपलं वावर दोन वर्षं पडीक ठेवलं. गावात लग्न झालं की नवरानवरीनं वाजतगाजत तळ्यावर जाऊन सारसांना हात जोडायचे, हा शास्त्रार्थही त्यांचाच. हे कुठल्या पोथीत आहे असं भटजींनी विचारलं, तर म्हणाले, "पोथी लिवनाऱ्यानं आपलं तळं पाह्यलं होतं काय?" जोडप्यांना ते बजावत, "सारसावानी संगं चाला!" आणि स्वतः मात्र आत्याच्या वीस पावलं पुढं, छत्री हलवत. आत्या मागून म्हणायची, "सारसाले अक्कल हाये, ह्या मानसाले नाही."

एका पौषात कोतवाल सांगत आला, की उद्या सकाळी कोणी गोरा साहेब बंदूक घेऊन तळ्यावर येणार. साहेबाला नाही म्हणायची छाती गावात कोणाची नव्हती, आतोबांचीही नव्हती. पण वरातीला कोण अडवणार? वाजंत्री जवळ गेली की पक्षी उडणार. अडचण एवढीच, की पौषात लग्न आणायचं कुठून? आतोबांनी अंगणात चार येरझाऱ्या घातल्या आणि चुलीपुढच्या आत्याला म्हणाले, "सकाळी चांगलं लुगडं नेस. आपलं लगन हाये."

"या वयात? लोकं काय म्हनतीन तुमाले?"

"म्हनू दे. सारसं मेले तं मी काय करू?" आत्या चुलीपुढून उठून पेटी उघडायला गेली.

सकाळी बाशिंग बांधलेले साठीचे आतोबा आणि हिरव्या लुगड्यातली आत्या तळ्याकडे निघाली. गाडवाटेच्या एका चाकोरीतून ते, दुसरीतून ती. उपरण्याला पदराची गाठ होती, त्यामुळं पुढं पळायची सोय नव्हती. एरवी वाजंत्री बांधाखाली गप्प व्हायची, त्या दिवशी ती थेट पाण्यापर्यंत गेली. साहेब घोड्यावरून उतरायच्या आत सारसं पार पल्याडच्या शिवारात. साहेबानं टोपी काढून नवरानवरीला सलाम केला आणि आल्या वाटेनं परत गेला. त्यानंतर गाठ नसतानाही आतोबा तसेच बरोबरीनं चालू लागले.

आत्या गेल्यावर एकदा मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलो. सारसं दिसली, दोन्ही. बघून आतोबा समाधानानं हसले. मला त्यांची फार माया आली. परतताना त्यांच्या शेजारी चालावं म्हणून मी दुसऱ्या चाकोरीत पाऊल टाकलं, तसे ते थांबले.

"ते तिची वाट हाये," म्हणाले, "तू मांगून ये."