उपाशी माशांचे मामा

"हात वला करा आधी, मॅडम. कोरड्या हातानं पोळतं त्यांना."

माशाला हात लावण्याआधी मामा कोपरापर्यंत हात बादलीत बुडवायचे आणि आम्हालाही बुडवायला लावायचे. औरंगाबादच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. असे एक मामा तुमच्याही कॉलेजात असतीलच. आमचे करमाडचे, मेंढपाळाच्या घरातले. मिशा भारदस्त, आवाज मात्र एवढासा.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. उपाशी मासा दमला की सावरायला किती वेळ घेतो, हा विषय. जायकवाडीचे रोहू दोन हौदांत ठेवले होते. एका हौदाला रोज खाद्य, दुसऱ्याला पंधरा दिवस काही नाही. मग एकेक मासा टबात सोडून मामांनी हाताने पाच मिनिटं पळवायचा आणि त्याचा श्वास कधी थाऱ्यावर येतो, ते मी मोजायचं.

त्या पंधरवड्यात मामा डबा बाहेर लिंबाखाली नेऊन खायचे. मी चेष्टा केली, "मामा, मासे काय भाकरी मागणारेत का तुमच्याकडे?"

"मागत नायत म्हणून तर," ते म्हणाले.

आकडे हाती आले आणि मी हरखले. उपाशी मासे पोटभर खाल्लेल्यांपेक्षा लवकर सावरत होते. माझे गाईड सर तर म्हणाले, परिषदेत निबंध वाच. मी आनंदाने मामांनाही सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "असं लिवू नका, मॅडम. खोटं हाय ते."

"खोटं कसं?"

"उपाश्यांना म्या पळवलंच नाय. तुम्ही पाठमोऱ्या होऊन तपासायच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तवा नुसता हात फिरवायचो पाण्यात. दुष्काळात बापासंगं मेंढरं हाकलीत म्या. उपाशी मेंढरू पळतं, पर एकदा बसलं की उठत नाय. तुमचं वाचून कुणी खरं मानलं तर?"

मी त्यांना काय काय बोलले, ते आठवलं की आजही लाज वाटते. तीन महिने वाया गेले होते. तक्रार करीन, असंही मी म्हणाले. ते गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं, हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली.

मी सगळं पुन्हा केलं. या खेपेला मासे मीच पळवले. उपाशी होते ते पळाले, पण नंतर कितीतरी वेळ कल्ले उडवत राहिले. सकाळी तीन उलटे तरंगत होते. मामांनी ते ओंजळीतून बाहेर नेले.

दुपारी ते कोरा कागद घेऊन आले. वनस्पतिशास्त्रात बदलीचा अर्ज लिहून हवा होता.

"कारण काय लिहू, मामा?"

"लिवा की, तिथं कुणाला उपाशी पळवत नायत."

मी 'घरगुती अडचणीमुळे' असं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी पेन हातात घेतलं.

"सांगितलं तेच लिवलंय ना?"

"हो मामा," मी म्हटलं. त्यांनी न वाचता सही केली.