आमच्या मंडळीतले दानशूर

उपासना संपली की आम्ही चपला घालून चर्चसमोरच्या लिंबाखाली उभे राहतो. घरी जायची घाई कुणालाच नसते. हे सगळे किस्से तिथंच साठत गेले. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगून थकले, की दान गुपचूप द्यावं. आमचे लोक उजव्या हातानं देतात, पण डाव्या हातात मोबाईल असतो. फोटो काढायला! मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

वडवणीच्या अलीकडं आमचं गाव आणि गावाच्या कडेला आमची थोडकी ख्रिस्ती वस्ती. वस्ती लहान, पण दानशूर एकापेक्षा एक!

*

मी एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झालो आणि लगेच मंडळीनं दानाची थैली फिरवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "तुमच्यासारखा अनुभवी माणूस दुसरा कुठं मिळायचा?"

गाणं सुरू झालं. मी थैली घेऊन बाकांमधून निघालो. जन्माची सवय ती! दुसऱ्याच बाकापाशी तोंडातून निघून गेलं, "कुठं जायचं?"

तिथं शिमोनराव नातवाला घेऊन बसले होते. जराही न हसता त्यांनी नोट पुढं केली.

"स्वर्ग. एक फुल, एक हाफ. आन् उरलेले सुट्टे द्या!"

*

याच शिमोनरावांचा दुसरा किस्सा. एकदा बाहेरगावाहून एक वक्ते आले. कारभारीपणावर बोलले. म्हणाले, "तुमच्याजवळ जे आहे त्याचे तुम्ही मालक नाही, कारभारी आहात. पैसा नसेल तर वेळ द्या, कला द्या. देवानं दिलेलं देवाला अर्पण करा!"

शिमोनराव ताडकन उठले. "पैसा न्हाई आपल्याकडं. पण देवानं आवाज दिलाय. त्यो मी आजपासून मंडळीला अर्पण करतो."

शिमोनराव गायला लागले की पेटीवाला आधी त्यांचा सूर शोधतो, मग पेटी बंद करून नुसता बसून राहतो. आता ते दर रविवारी माईकला चिकटले. बायकांनी लेकरांना मागच्या बाकावर न्यायला सुरुवात केली. शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला बोलावलं.

"शिमोनराव, एकदा दान दिलं की ती वस्तू मंडळीची झाली. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"म्हणजे तुमचा आवाज आता मंडळीचा झाला."

"व्हय साहेब."

"तर मंडळीनं तो जपून ठेवायचं ठरवलंय!"

*

हंगामाच्या सणाला आमच्यात घरच्या उत्पन्नातलं चांगलं ते चर्चला आणायचं असतं. कुणी ज्वारी आणतं, कुणी भोपळा, कुणी शेळीचं करडू. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो.

महिला मंडळाच्या अध्यक्षा सुलोचनाबाई. त्यांनी कोंबडा आणला. सगळी वस्ती त्या कोंबड्याला ओळखून होती. पोस्टमनच्या पोटरीला चोच मारणारा, भर दुपारी बोंबलणारा, चुलीवर ठेवला तर शिजणार नाही असा म्हातारा!

आता येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट आमच्यात लेकरांनाही पाठ आहे. येशूला मी ओळखत नाही, असं तो तीनदा खोटं बोलला आणि कोंबडा आरवला.

पाळकसाहेबांनी पायाला दोरी बांधलेल्या त्या दानाकडं पाहिलं. "सुलोचनाबाई, घरातलं चांगलं म्हणून हाच सापडला का?"

"हाच, साहेब! लई गुणाचा हाय. जीव तुटतोय बघा देताना!"

तेवढ्यात कोंबड्यानं मान वर केली आणि असा आरवला, की पत्रे दणाणले.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, अजून दोनदा विचारू का?"

*

आमच्यातली बरीच घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्यांना थंडीचे कपडे द्यायचे, असं महिला मंडळानं एका वर्षी ठरवलं. लोकांनी कपाटं झाडली. एकट्या पायाचे मोजे आले, चेन नसलेले स्वेटर आले. आणि आमचे इमॅन्युएलशेठ! रस्त्याची कंत्राटं घेतात, डाळिंबाची बाग आहे, चर्चच्या पंचमंडळात पहिली खुर्ची त्यांची. त्यांनी आपला लग्नातला कोट दिला. जांभळा, चकचकीत, खांद्यावर जरी! दिला तो कुणाला, तर मार्थाबाईला. तिचा नवरा गेलेला, ती भावाबरोबर कोयता घेऊन निघालेली. शेठनं कोट तिच्या हातात ठेवला आणि तीन वेळा फोटो काढून घेतला. पहिल्या दोन फोटोंत ती हसत नव्हती म्हणे!

उन्हाळ्यात मार्थाबाई परत आली. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय मार्थाबाई, कोट कामाला आला का न्हाई?"

"लई आला, शेठ! पाचटाच्या कोपीच्या म्होरं बांबूला टांगला व्हता. मुकादम रोज शिव्या देतच यायचा. लांबून कोट दिसला, की कारखान्याचा साहेब आला समजून गप व्हायचा!"

शेठ खूश झाले. मार्थाबाई पुढं म्हणाली, "त्यात माणूस नसला तरी चालतंय, हे मला तवाच कळलं."

*

त्याच उन्हाळ्यात वस्तीचा हापसा आटला. बायका मैलभर पायपीट करायला लागल्या. इमॅन्युएलशेठनं जाहीर केलं, की रविवारी मंडळीला टँकर! टँकर आला. त्यावर बॅनर, बॅनरवर शेठ, शेठच्या हातात बॅनरमध्येच एक हंडा. बायकांनी खऱ्या हंड्यांची रांग लावली. फोटो झाले. आणि ड्रायव्हर शेठला म्हणतो, "झालं का? मग निघू? डाळिंबाला पाणी सोडायचं हाय."

शेठ म्हणाले, "दोन-चार हंडे दे यांना आन् जा."

पाळकसाहेब पुढं झाले. "शेठ, दानावर प्रार्थना व्हायलाच हवी. सगळ्यांनी डोळे मिटा!"

शेठनं मिटले. ड्रायव्हरनंही हात जोडून मिटले. पाळकसाहेबांनी आधी पावसासाठी प्रार्थना केली, मग सरकारसाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, परदेशातल्या लोकांसाठी. तिकडं सुलोचनाबाईंनी हळूच टँकरची तोटी फिरवली. हंडे भरायला लागले, कळशा, बादल्या, घमेली, जनावरांच्या दगडी डोणी. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर पाळकसाहेबांचाही एक डोळा उघडा! जरा उरकतं घ्यावं असं त्यांना वाटलं, की सुलोचनाबाई नको म्हणून मान हलवायच्या, आणि साहेब पुन्हा कुठल्या तरी देशासाठी प्रार्थना करायला लागायचे.

शेवटची कळशी भरली. सुलोचनाबाईंनी तोटी बंद केली, पदराला हात पुसले आणि पाळकसाहेबांच्या आधी स्वतःच ओरडल्या, "आमेन!"

*

आता हा शेवटचा.

आमच्या दफनभूमीत जागा उरली नव्हती. नवा खड्डा खांदला, की जुन्या माणसाची हाडं वर यायची. बघवत नव्हतं. नाताळच्या उपासनेत इमॅन्युएलशेठ उभे राहिले आणि माळावरची आपली दहा गुंठे जमीन मंडळीला देऊन टाकली. टाळ्या झाल्या, शाल झाली, हार झाला. "कागद करू सावकाश," शेठ म्हणाले.

कागद सावकाशच राहिला. तेवढ्यात माळाजवळून मोठा रस्ता जाणार, अशी बातमी आली. शेठ पंचांच्या मीटिंगला आले. "तिथं अजून कुनाला पुरलं न्हाई ना? मग थांबा जरा. मी तुमाला दुसरीकडं बघून देतो."

नाताळचं जेवण शेठच्या पैशानं होतं. कोण बोलणार?

याकोबमामा वस्तीतले सगळ्यात म्हातारे. दम्यानं खाटेला लागलेले. माणूस इतका चिक्कट, की थैली जवळ आली की प्रार्थनेला डोळे मिटायचा आणि ती पुढं गेली की उघडायचा. त्यांनी पाळकसाहेबांना आणि मला बोलावून घेतलं.

"शेठ काय म्हनला? कुनाला पुरलं न्हाई म्हनून?"

"हो, मामा."

मामा धापा टाकत कोपरावर उठले. मग म्हणाले, "मी मंडळीला जन्मात काय दिलं न्हाई."

खोटं कसं म्हणायचं?

"आता देतो," मामा म्हणाले. "मला तिथंच न्या. कुनाला इचारू नका."

त्याच आठवड्यात मामा गेले. आम्ही शवपेटी उचलली आणि सरळ माळावर नेली. शेठला कळलं, ते पांढरे कपडे घालून धावत आले. सगळं गाव जमलेलं, टोपी काढून उभं. मामांचा पोरगा खांद्यावर कुदळ घेऊन जागा बघत होता. शेठ त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला, आवाज मऊ केला.

"बाळा, हितं बांधाच्या कडंला घे. सावली हाय. मामाला बरं वाटंल."

पोरगा थांबला नाही. चालत चालत पार आत गेला, चारी बाजू नजरेनं मोजल्या आणि कुदळ टेकवली.

"न्हाई, शेठ. बा सांगून गेलाय. मधोमध!"